हिंवाळ्यांतील एकट्याचा विमानप्रवास



१५ ऑक्टोबर १९३२ या दिवशीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. विमान लहानसें, एका इंजिनाचें. आणि त्यांत टाटा एकटे. एकट्यानें विमानप्रवास करणें याचा त्या काळचा अर्थ असा होता. जुहूचें तें मैदान समुद्राकांठचें. पावसाळ्यांत त्यावर पाणी सांचे, म्हणून तेवढे महिने विमानांचा मुक्काम पुण्यास हालवावा लागे. त्या वेळीं मुंबईकराच्या विमानाची मोठी अडचण पावसाळ्याची होती. आज तिच्या जोडीला हिंवाळ्याची अडचण आली आहे, आणि ही दुसरी अडचण मुंबईंत नसून मुंबईपासून सुमारें ११५० किलोमीटरांवर, दिल्लीच्या बाजूस आहे. तिच्याविषयीं आज मी बोलणार आहें.

आतां एकटा प्रवासी म्हणजे गिरगांवांतल्या एखाद्या वाडींत किंवा दादर, परळ, लालबाग येथल्या बिऱ्हाडांत राहणारें, साठी उलटलेलें एखादें माणूस. मुलगा गुरुग्रामास नोकरीला, मुलगी लखनौस दिलेली. नातवंडांना नाताळची सुटी असते, लग्नकार्यें निघतात, म्हणून हीं माणसें बहुधा डिसेंबर-जानेवारींतच प्रवासाला निघतात. तिकीट मुलगा दुरून मोबाइलवर काढतो, स्वस्त पाहून काढतो, आणि स्वस्त तिकीट पुष्कळदां पहाटेचें असतें. 'बाबा, पहाटेचें विमान वेळेवर सुटतें,' असें वर सांगतो. त्याचें म्हणणें वर्षांतले दहा महिने खरें आहे. उरलेल्या दोन महिन्यांत तें वेळेवर सुटतें हेंहि खरें. तें वेळेवर उतरेल कीं नाहीं, हा निराळा प्रश्न आहे.

धुकें कसें पडतें हें समजलें म्हणजे पुढचें बरेंचसें आपोआप समजतें. हिंवाळ्याची रात्र लांब असते. आकाश निरभ्र असलें म्हणजे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता वर टाकून देते व झपाट्यानें निवते. तिला लागून असलेली हवाहि निवते. त्या हवेंत ओल असली आणि वारा पडलेला असला, तर त्या ओलीचे सूक्ष्म थेंब धुळीच्या व धुराच्या कणांभोवतीं जमतात आणि जमिनीलगत पांढरा पडदा उभा राहतो. गंगायमुनेच्या सपाट प्रदेशांत हें सारें एकत्र येतें. शेतें पाण्यानें भिजलेलीं, मधून मधून थंडींतला पाऊस पडून गेलेला, वारा मंद, आणि धूर तर विचारूंच नये. पंजाबपासून बिहारपर्यंतचा पट्टा कधीं कधीं एकाच पहाटे झांकला जातो. मुंबईला समुद्र जवळ, त्यामुळें येथली रात्र तितकी थंड होत नाहीं. आपल्याकडे सकाळीं दिसतें तें बहुधा धुरकें. तें घशाला त्रास देतें, पण विमान सहसा अडवीत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१५ च्या हिंवाळ्यापासून खुद्द दिल्लीच्या विमानतळावर उपकरणें मांडून या धुक्याचा अभ्यास आरंभिला. धुकें केव्हां पडेल व केव्हां उठेल हें आधीं सांगतां यावें, हा त्यांतला हेतु. हवामान खात्याचा धुक्याचा अंदाज आदल्या संध्याकाळीं पाहावा. त्याला पैसे पडत नाहींत.

दाट धुक्याचे दिवस साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे. दिवसांतली वेळ पाहिली तर मध्यरात्र उलटल्यावर तें भरूं लागतें, पहाटे तीनचारपासून आठनऊपर्यंत सर्वांत दाट असतें, आणि ऊन चढूं लागलें कीं विरतें. एखादे दिवशीं बारा वाजले तरी विरत नाहीं. पण तो अपवाद.

कोणी विचारतील, एवढीं यंत्रें निघालीं, तरी विमान धुक्यांत उतरत नाहीं काय? उतरतें. दिल्लीच्या विमानतळावर अशी यंत्रणा आहे कीं, धांवपट्टीवर अवघें ५० मीटर अंतर दिसत असलें तरी विमान उतरवितां येतें. पण त्यासाठीं विमानतळाची यंत्रणा, विमानांतील तशीं उपकरणें आणि त्या कामांत तयार झालेले वैमानिक, या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. एक उणी पडली कीं विमान जयपूर, अहमदाबाद अशा दुसऱ्या गांवीं वळवितात. यांत आणखी एक मौज आहे. उतरण्यास ५० मीटर पुरतात, पण उडण्यास साधारण १२५ मीटर दिसावे लागतात. त्यामुळें उतरलेलीं विमानें उडत नाहींत, जागा अडून राहते, आणि वर घिरट्या घालणाऱ्यांस खालीं ठाव मिळत नाहीं. दोन विमानांमधलें अंतरहि अशा वेळीं वाढवावें लागतें. लहान विमानतळांवर तर ही यंत्रणा सर्वत्र नाहीं. म्हणून काशीयात्रेस विमानानें निघालेल्यानें दिल्लीस जाणाऱ्यापेक्षांहि अधिक सावध असावें.

आतां हिशेब करूं. मुंबईहून दिल्लीस सव्वादोन तास लागतात असें धरा. पहाटे पांचला निघालेलें विमान सव्वासातला, म्हणजे धुक्याच्या ऐन भरांत, दिल्लीवर जाऊन ठेपतें. साडेदहा-अकराला निघालेलें एकच्या सुमारास पोहोंचतें. तोंवर सूर्यानें बहुधा आपलें काम केलेलें असतें. यावर एक रास्त आक्षेप आहे. एकच विमान दिवसांतून अनेक फेऱ्या करितें. अकराला मुंबईहून सुटावयाचें विमान सकाळीं दिल्लीहूनच यावयाचें असेल आणि तें तेथें अडकलें, तर आपणहि अडकलों. खरें आहे. पण हें अडकणें मुंबईंतलें. आपलें विमान कोठें आहे हें मोबाइलवर दिसतें, आणि पुष्कळदां घरून निघण्यापूर्वींच उशीर कळतो. पहाटेचा प्रवासी परक्या गांवीं, बंद विमानांत, बसल्या जागीं अडकतो. शिवाय दुपारचें विमान रद्द झालें तरी संध्याकाळपर्यंत दुसरीं विमानें असतात व दिवसाउजेडीं कांहीं तरी हालचाल करितां येते. मात्र रात्रीचें अगदीं शेवटचें विमान घेऊं नये. दिवसभराचा उशीर त्याच्या माथीं सांचतो, आणि तें रद्द झालें तर रात्र बाकावर काढावी लागते. गोवा, कोची, चेन्नई या बाजूस जाणाऱ्यानें मात्र पहाटेचें विमान खुशाल घ्यावें. बंगळूरच्या विमानतळावर हिंवाळ्यांत पहाटे धुकें पडतें, पण उत्तरेकडल्यासारखें तें मुक्काम करीत नाहीं.

तेव्हां एकट्या माणसानें तिकीट काढतांना मनाशीं एक प्रश्न विचारावा: मी ठरल्या वेळीं पोहोंचलों नाहीं, तर त्या वेळीं मी कोठें असेन, किती वाजले असतील, आणि माझ्या हांकेला ओ देणारें तेथें कोण असेल? दोघे प्रवास करीत असले म्हणजे एकानें सामानाजवळ बसावें, दुसऱ्यानें चौकशी करावी, असें चालतें. एकट्याला पाणी आणावयास जातांनाहि पेटी ओढत न्यावी लागते.

आमच्या वाडींतल्या एका बाईंची हकीगत सांगतों. वय अडुसष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं जानेवारींत दिल्लीस थोरली बहीण अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला, म्हणून मिळालें त्या पहाटेच्या विमानानें त्या एकट्या निघाल्या. विमान दिल्लीवर बराच वेळ फिरलें आणि जयपुरास उतरलें. तेथें चार तास सारे विमानांतच बसून. बाईंचें इन्शुलिन मोठ्या पेटींत, आणि पेटी विमानाच्या पोटांत. मोबाइल बंद पडलेला. शेजारच्या तरुणानें आपला मोबाइल पुढें केला. पण लावावयाचा कोणाला? मुलाचा, भाच्याचा, एकाचाहि नंबर तोंडपाठ नव्हता. दुपारीं विमान रद्द झाल्याचें सांगण्यांत आलें. चार प्रवाशांनीं मिळून मोटार केली, तींत यांना घेतलें, आणि रात्रीं उशिरां त्या दिल्लीस पोहोंचल्या. बहीण दुपारपर्यंत बोलत होती. या पोहोंचल्या तेव्हां ती कोणाला ओळखत नव्हती. हें सांगतांना बाईंनीं विमानकंपनीविषयीं तक्रारीचा शब्द काढला नाहीं. 'नंबर तेवढा कागदावर लिहिलेला असता, तर फोनवर तरी तिचा आवाज ऐकूं आला असता,' एवढेंच म्हणाल्या.

अशा प्रसंगीं वेळ निवडण्याची सवड नसते, हें मला मान्य आहे. पण हातांतली पिशवी कशी भरावी हें तेव्हांहि आपल्याच हातीं असतें. तींत पहिल्यानें एक कागद ठेवावा. त्यावर तीन माणसांचे नंबर, जावयाच्या घराचा पत्ता, तिकिटाचा क्रमांक आणि आपल्या औषधांचीं नांवें ठळक अक्षरांत लिहावीं. वयाबरोबर अक्षर बारीक दिसूं लागतें, म्हणून ठळक म्हणतों. तीन दिवसांचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह याच पिशवींत. इन्शुलिन तर मोठ्या पेटींत कधींच ठेवूं नये. पेटी दूर राहते हें एक, आणि विमानाच्या पोटांतल्या थंडीनें तें गोठून निकामी होण्याची भीति असते हें दुसरें. मोबाइलला शक्ति पुरविणारी पॉवर बँक मोठ्या पेटींत ठेवण्यास नियमानेंच मनाई आहे. ती हातांतल्या पिशवींतच न्यावी लागते. गरम कोट पेटींत न घालतां अंगावर घ्यावा, मुंबईच्या उकाड्यांत लोक हंसले तरी. दिल्लीस जानेवारीची पहाट पांचसहा अंशांवर येते. देशांतल्या विमानांत पेटीला बहुधा १५ किलो व हातांतल्या पिशवीला ७ किलो वजनाची मुभा असते, म्हणून अंगावरच्या कोटाचा तोहि एक फायदा.

खाण्याच्या पदार्थांविषयीं गृहिणींना सांगतों. कोरडे लाडू, चकल्या, गुळाच्या पोळ्या, तिळगूळ न्यावा. लोणच्याची बरणी हातांतल्या पिशवींत घालूं नये. मिरचीचें लोणचें तर तपासणीच्या जागीं अडवितातच. सुकें खोबरें तेलामुळें पेट घेणाऱ्या पदार्थांत गणलें जातें, तेव्हां लेकीसाठीं काढून ठेवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या घरींच राहूं द्याव्या.

प्रकृतीविषयीं थोडें. उडत्या विमानांत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वराच्या सुमारें दीडपट उंचीचा. धडधाकट माणसाला तो जाणवत नाहीं. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असलेल्यानें तिकीट काढण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. चाकांच्या खुर्चीची ज्यांना खरी गरज आहे त्यांनीं ती तिकिटाबरोबरच मागून ठेवावी. एकट्या वृद्धाला खुर्चीबरोबर एक माणूस मिळतो, हा मोठाच आधार. रांग चुकविण्यासाठीं ती मागणारे धट्टेकट्टे लोकहि मीं पाहिले आहेत. त्यांच्यामुळें खरा गरजू खोळंबतो, याची त्यांना लाज वाटावी.

विमान रखडलें तर आपला हक्क काय, हें आधीं ठाऊक असलेलें बरें. धुकें हें कंपनीच्या हाताबाहेरचें कारण मानलें जातें, म्हणून नुकसानभरपाईची रक्कम मिळत नाहीं. परंतु विमान रद्द झाल्यास दुसऱ्या विमानांत जागा किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांपैकीं एक मागण्याचा अधिकार धुक्यांतहि राहतो. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल तेव्हांहि तोच पर्याय द्यावा लागतो. थांबलेल्या प्रवाशांना पाणी, अल्पोपहार, जेवण देण्याचेहि नियम आहेत. १४ जानेवारी २०२४ रोजीं गोव्याहून दिल्लीस निघालेलें एक विमान धुक्यामुळें मुंबईस उतरविण्यांत आलें, आणि दमलेले प्रवासी विमानाशेजारीं जमिनीवरच बसून जेवले. तीं चित्रें साऱ्या देशानें पाहिलीं. त्यानंतर सरकारनें कंपन्यांना कळविलें कीं, धुक्यामुळें तीन तासांहून अधिक उशीर होण्याचें दिसत असेल तर प्रवाशांना ताटकळत न ठेवतां उड्डाण आधींच रद्द करितां येईल. दाद लागली नाहीं तर सरकारच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेकडे तक्रार करितां येते. खिडकीशीं भांडून मात्र कांहीं साधत नाहीं. तेथें बसलेली मुलगी आपल्या नातीच्या वयाची असते आणि धुकें तिनें पाडलेलें नसतें.

धुक्यावरच सारें खापर फोडावें असेंहि नाहीं. डिसेंबर २०२५ च्या आरंभीं, वैमानिकांच्या विश्रांतीविषयींचे नवे नियम लागू झाल्यावर, देशांतल्या सर्वांत मोठ्या विमानकंपनीचीं उड्डाणें हजारोंनीं रद्द झालीं. तेव्हां आकाश निरभ्र होतें. लग्न, श्राद्ध, शस्त्रक्रिया अशा चुकवितां न येणाऱ्या कारणासाठीं जावयाचें असेल तर एक दिवस आधीं पोहोंचावें, हें धोरण मला सर्वांत शहाणपणाचें वाटतें.

दिल्लीस विमान बदलून पुढें अमृतसर, डेहराडून, श्रीनगर येथें जाण्याचीं तिकिटें स्वस्त मिळतात. धुक्याच्या दिवसांत तीं घेऊं नयेत. थेट विमान थोडें महाग पडलें तरी घ्यावें. त्यांतूनहि बदल करावाच लागला तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. निरनिराळीं दोन तिकिटें काढलीं आणि पहिलें विमान उशिरां पोहोंचलें, तर दुसरी कंपनी आपल्याला ओळखहि दाखवीत नाहीं. परदेशीं मुलांकडे जाणाऱ्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें. मुंबईहून सरळ जाण्याची सोय असतां दिल्लीचा फेरा कशाला?

रेल्वेचे अभिमानी म्हणतील, यापेक्षां मुंबई सेंट्रलहून राजधानी काय वाईट? १९७२ पासून ती धांवते आहे. धुक्यांत तिलाहि उशीर होतो. पण पाठीखालीं बिछाना असतो आणि डब्यांत बोलावयास माणसें असतात, हें मीहि नाकारीत नाहीं. ज्यांना घाई नाहीं त्यांनीं खुशाल तिनें जावें.

आतां घरापासून विमानतळापर्यंत. प्रथम तिकिटावर विमानतळ कोणता छापला आहे तो पाहावा, कारण आतां ते दोन आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनहि प्रवासी विमानें सुटूं लागलीं. लालबाग-परळकरांना शिवडी जवळ, व तेथून जानेवारी २०२४ मध्यें खुला झालेला अटल सेतु पलीकडे नेतो. पण पथकर व टॅक्सीभाडें यांचा विचार आधीं करावा. जुन्या विमानतळावरूनच जावयाचें असेल तर टर्मिनल पहिलें कीं दुसरें, हें पाहावें. देशांतलीं विमानें दोन्हींकडून सुटतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे पेटी घेऊन पळणें आपल्या वयाला झेपणारें नाहीं.

गिरगांवकरांची मोठी सोय ऑक्टोबर २०२५ मध्यें झाली. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो तेव्हां पूर्ण लांबीनें सुरू झाली; लांबी सुमारें ३३.५ किलोमीटर, स्थानकें २७. काळबादेवी, गिरगांव, ग्रँट रोड, सिद्धिविनायक, दादर येथें ती थांबते, आणि पुढें दोन्ही टर्मिनलांना स्वतंत्र स्थानकें आहेत. दादरचें मेट्रो स्थानक मात्र रेल्वे स्थानकाला लागून नाहीं. तें सेनाभवनाच्या बाजूस आहे, हें पेटी उचलण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें. परळ-लालबागकरांना दारांत स्थानक नाहीं. त्यांतून प्रभादेवीचा जुना पूल नव्या बांधणीसाठीं सप्टेंबर २०२५ मध्यें बंद झाला. नवा खुला होईपर्यंत टिळक पूल किंवा करी रोडचा पूल गांठून पश्चिमेस जावें लागतें, आणि त्या पुलांवर गर्दी असते. त्यासाठीं अर्धा तास जादा धरावा. पेटी देण्याची खिडकी उड्डाणापूर्वीं साधारण एक तास बंद होते, म्हणून दोन तास आधीं टर्मिनलच्या दारांत असावें. मेट्रोची पहिली गाडी सकाळीं सहाच्या सुमारास सुटते. म्हणजे पहाटेच्या विमानाला ती उपयोगी नाहीं, दुपारच्या विमानाला उत्तम आहे.

परतीचा हिशेबहि तोच. दिल्लीहून दुपारीं एक ते चारच्या दरम्यान सुटणारें विमान घ्यावें. दोनतीन तासांचा उशीर झाला तरी रात्रीं साडेनवाच्या आंत मुंबईंत उतरतां येतें, आणि मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास असल्यामुळें ती सांपडते. ती चुकलीच तर विमानतळावर आगाऊ पैसे भरून मिळणारी टॅक्सी घ्यावी, आणि टॅक्सींत बसल्यावर तिचा क्रमांक घरच्यांना, घरीं कोणी नसल्यास शेजाऱ्यांना, कळवावा.